वाद्य दिलं, वादकाचं काय?

तुर्कस्तानच्या वायव्य टोकाला, तुंजा नदीच्या काठी एदिर्ने नावाचं जुनं शहर आहे. ऑटोमन सुलतान दुसरा बायजीद यानं तिथं मशीद, अन्नछत्र, वैद्यकशाळा आणि रुग्णालय असं संकुल उभारलं. १४८८ मध्ये ते पुरं झालं. रुग्णालयाचा मुख्य भाग षट्कोनी आहे. मधोमध उंच घुमट, त्याखाली कारंजं आणि भोवती रोग्यांच्या खोल्या. मधल्या जागेत वाजवलेलं सगळ्या खोल्यांत ऐकू जावं अशी ही रचना. सतराव्या शतकाच्या मध्यावर इथं आलेला प्रवासी एव्लिया चेलेबी लिहितो, की रोग्यांसाठी दहा गायक-वादक नेमलेले होते आणि आठवड्यातून तीनदा ते गात-वाजवत. संगीतोपचाराचा इतिहास सांगणाऱ्यांना हा उतारा फार प्रिय आहे. कोणता मकाम, म्हणजे तिकडचा राग, कोणत्या रोग्याला मानवतो यावर मग पानंच्या पानं लिहिली जातात. मला त्यातली दुसरीच एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. एव्लियाच्या सांगण्यानुसार ही सोय सुलतानाच्या दानपत्रातच होती. रुग्णालयाला लावून दिलेल्या मिळकतींच्या उत्पन्नातून जसा वैद्याला आणि आचाऱ्याला पगार मिळे, तसाच तो वादकालाही मिळावा, असा त्याचा अर्थ. आज इस्पितळातल्या मुलांसाठी खंजिऱ्या, झायलोफोन, गिटार, हेडफोन गोळा करण्याचा उत्साह अनेक देशांत दिसतो आणि त्यामागची माया खरी आहे. पण जुन्या नोंदी वाचत गेलं की हे वारंवार दिसतं, की रुग्णालयात संगीत टिकलं ते दात्यानं वाद्याबरोबर वाजवणाऱ्याची तजवीज केली तेव्हाच. ती नव्हती तिथं दिलेल्या वस्तू कपाटात गेल्या.

एव्लिया अतिशयोक्तीबद्दल प्रसिद्ध आहे, आणि त्याच्या या वर्णनावर डोळे मिटून भरवसा ठेवू नये असं अभ्यासक सांगतात. आक्षेप रास्त आहे. वादक दहा नसतील, सहा असतील. तेही नेमानं येत नसतील. तरी एवढं उरतंच, की त्या काळच्या एका बहुश्रुत माणसाला रुग्णालयातलं संगीत ही उत्पन्न लावून द्यायची बाब वाटत होती, कुणाच्या लहरीवर सोडायची नव्हे. कैरोला सुलतान कलावून यानं १२८४ मध्ये बांधलेल्या रुग्णालयाबद्दलही वादक आणि कथेकऱ्यांच्या हकिकती सांगितल्या जातात, आणि तेही वक्फाच्या, म्हणजे धर्मादाय लावून दिलेल्या मिळकतींच्या, उत्पन्नावरच चालत होतं. आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये. मोठ्या देवस्थानांच्या इनामात पुजाऱ्याबरोबर वाजंत्र्यांचाही वाटा असे, कारण नगारा विकत आणून ठेवला म्हणून चौघडा झडत नाही, हे देणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. अर्थात ही दोन्ही रुग्णालयं खास मुलांसाठी नव्हती. मुलांचं स्वतंत्र रुग्णालय ही कल्पनाच एकोणिसाव्या शतकातली. पॅरिसचं १८०२ मध्ये सुरू झालं, लंडनचं त्यानंतर पन्नास वर्षांनी.

लंडनमध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी फेब्रुवारी १८५२ मध्ये दहा खाटांचं बालरुग्णालय उघडलं. ते वर्गण्या आणि देणग्यांवर चाले. १८५८ मध्ये चार्ल्स डिकन्सनं त्याच्या मदतीसाठी जाहीर भाषण आणि वाचन केलं. त्या काळच्या इंग्लंडात इस्पितळातल्या मुलांना देण्याच्या दोन रीती शेजारी शेजारी वाढल्या, आणि या लेखाचा सगळा मुद्दा त्या दोहोंच्या फरकात आहे. पहिली रीत खाटेची. 'खाट दिली' याचा अर्थ लोखंडी पलंग आणून टाकला असा नव्हता. दाता ठरावीक रक्कम देई, ती गुंतवली जाई, आणि तिच्या व्याजातून त्या खाटेवर येणाऱ्या मुलांचं अन्न, औषध, परिचारिकेचा पगार भागे. खाटेच्या डोक्याशी दात्याच्या नावाची पाटी लागे. दुसरी रीत खेळण्यांची. हेन्री लाबुशेर यांच्या 'ट्रूथ' या साप्ताहिकानं १८८० च्या दशकापासून नाताळचा मोठा उपक्रमच चालवला. वाचकांनी हातानं कपडे शिवून सजवलेल्या बाहुल्या आणि इतर खेळणी आल्बर्ट हॉलमध्ये मांडली जात, आणि मग लंडनच्या रुग्णालयांत आणि गरीबगृहांत वाटली जात. दोन्हींत माया सारखीच होती. पण खाटेची देणगी वर्षभर रोज काम करी, आणि बाहुली नाताळला येऊन, चार हातांत फिरून, मोडून जाई. संगीत दुर्दैवानं या दुसऱ्या वर्गात जाऊन पडलं. सणासुदीला कुणी येऊन गावं, कुणाच्या घरचा जुना पियानो वॉर्डात आणून ठेवावा, इतकंच.

संगीताचा उपयोग कुणाला ठाऊक नव्हता म्हणून हे झालं नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये रोग्यावर होणाऱ्या संगीताच्या परिणामाबद्दल मोजकंच, पण नेमकं लिहिलं आहे. गळा, फुंकवाद्यं आणि ज्यांचा स्वर सलग राहतो अशी तंतुवाद्यं रोग्याला बरी वाटतात आणि पियानोसारखी तुटक स्वरांची वाद्यं उलट त्रास देतात, असं त्यांचं निरीक्षण. तिथंच त्या हेही सांगतात, की संगीत इतकं महाग आहे की ते सरसकट वापरता येणं शक्यच नाही. अडचण पैशाची होती, आणि तो पैसा वाद्याच्या किमतीपेक्षा वाजवणाऱ्याच्या वेळेचा होता. १८९१ मध्ये फ्रेडरिक हारफर्ड या धर्मोपदेशकानं लंडनमध्ये 'गिल्ड ऑफ सेंट सिसिलिया' काढून यावर उपाय शोधला. शिकवून तयार केलेले गायक-वादक, त्यांनी शेजारच्या खोलीतून, हळू आवाजात रोग्यांसाठी वाजवायचं. पुढं मध्यवर्ती ठिकाणाहून टेलिफोनच्या तारेवरून अनेक रुग्णालयांत संगीत पोचवायचं, असा बेत होता. नाइटिंगेल यांनी आशीर्वाद दिला, वैद्यकीय नियतकालिकांनी दखल घेतली. तरीही निधी उभा राहिला नाही, हारफर्ड यांची प्रकृती ढासळली, आणि काही वर्षांत सगळं थांबलं. कल्पना काळाच्या पुढची होती असं म्हणून तिची बोळवण करतात. माझ्या मते तिला एका 'खाटे'चं व्याज मिळालं असतं तर ती जगली असती.

मग ग्रामोफोन आला, आणि वस्तू माणसाची जागा घेऊ शकते असा समज पक्का झाला. तबकडी पगार मागत नाही, दमत नाही. पहिल्या महायुद्धात आणि नंतर अमेरिकेच्या रुग्णालयांत ग्रामोफोन आणि तबकड्या मोठ्या प्रमाणावर गेल्या. त्याच सुमारास इसा मॉड इल्सन या परिचारिका आणि संगीतकार बाईंनी १९२६ मध्ये रुग्णालयांतल्या संगीतासाठी राष्ट्रीय संस्था काढली; वाजवणारा तयार केलेला असावा यावर त्यांचा भर होता. दुसऱ्या महायुद्धातली एक मोहीम या बाबतीत फार बोलकी आहे. १९४२ मध्ये अमेरिकेत सैनिकांसाठी घरोघरच्या जुन्या तबकड्या गोळा करण्यात आल्या. तबकडी चपड्यापासून, म्हणजे लाखेपासून बने. ही लाख बहुतांशी हिंदुस्थानातून जाई, आणि युद्धामुळं तिचा पुरवठा अडला होता. म्हणून गोळा झालेल्या तबकड्या जशाच्या तशा तळांवर पाठवल्या नाहीत. त्या कंपन्यांना भंगार म्हणून विकल्या, आणि आलेल्या पैशांतून नव्या, हव्या त्या तबकड्या घेतल्या. देणाऱ्याच्या घरात जे पडून आहे आणि घेणाऱ्याला जे लागतं त्यांत अंतर असतं, हे त्या आयोजकांनी ओळखलं होतं. जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत तर त्याहून मोठा धडा मिळाला. हौशी गायक-वादक येत, मनापासून वाजवत. पण झोप उडालेल्या, वाचा गेलेल्या माणसापुढं काय करायचं हे त्यांना कळेना. त्या गरजेतून १९४४ मध्ये मिशिगनमध्ये संगीतोपचाराचा पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू झाला, कॅन्ससला थेअर गॅस्टन यांनी शास्त्रीय पाया घातला, आणि १९५० मध्ये या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

मुलांच्या वॉर्डात हे पोचायला आणखी एक भिंत पडावी लागली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडातल्या कितीतरी रुग्णालयांत आईबापांना आठवड्यातून एकदाच भेटू देत. संसर्गाची भीती होती, आणि भेटीनंतर मूल रडतं म्हणून भेटच नको, असाही युक्तिवाद होता. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीच्या रुग्णालयातल्या दिवसांचा चित्रपट केला. गप्प बसलेलं मूल शहाणं झालेलं नसतं, आतून खचलेलं असतं, हे डॉक्टरांना पडद्यावर पाहावं लागलं. १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालानं भेटीच्या वेळा मोकळ्या करा, मुलाला खेळ आणि शिक्षण द्या, अशा शिफारशी केल्या. त्याच वर्षी पॉल नॉर्डॉफ हा अमेरिकन संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हा इंग्रज शिक्षक वूस्टरशरमधल्या विशेष मुलांच्या वसतिगृहात एकत्र काम करू लागले. मुलानं मारलेल्या ढोलाच्या थापेला, त्याच्या ओरडण्यालाही नॉर्डॉफ पियानोवर उत्तर देत, आणि त्यातून संवाद घडे. जर्मनीत कार्ल ऑर्फ यांच्या शिक्षणपद्धतीतली वाद्यं याच कामी आली. त्यातल्या झायलोफोनच्या पट्ट्या काढून ठेवता येतात. नको ते सूर आधीच काढले की मूल कुठंही मारो, बेसूर होत नाही. गेर्ट्रूड ऑर्फ यांनी म्यूनिकच्या बालकेंद्रात त्यावर उपचारपद्धती उभारली. वाद्याची घडण इथं महत्त्वाची आहेच. पण कोणती पट्टी काढायची आणि कधी परत घालायची, हे ठरवणारा माणूस शेजारी बसलेला आहे.

यावर सर्वांत सरळ आक्षेप असा, की माणूस नसला तर नसू दे, मुलाला गाणी ऐकायला मिळाली तरी काय वाईट? काहीच नसण्यापेक्षा बरंच की. या प्रश्नाचं उत्तर तर्कापेक्षा मोजमापानं द्यावं, आणि ते झालेलं आहे. शेरी रॉब यांच्या गटानं २००८ मध्ये कर्करोगावर उपचार घेणाऱ्या, चार ते सात वर्षं वयाच्या ८३ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांचे चिठ्ठी टाकून तीन गट केले होते. एकाला संगीतोपचारकाबरोबर गाणं-वाजवणं, दुसऱ्याला नुसती गाणी ऐकणं, तिसऱ्याला ध्वनिमुद्रित गोष्टी. चेहऱ्यावरचा आनंद आणि सहभाग या दोन्ही बाबतींत पहिला गट इतर दोहोंच्या पुढं होता. गाण्यांची तबकडी देणगीत येऊ शकते. हा फरक मात्र मुलाच्या हातातल्या वाद्यानं आणि समोर बसलेल्या उपचारकानं मिळून पाडला, आणि त्या वयाच्या मुलासाठी याचं कारण सहज कळण्याजोगं आहे. सुई, सलाईन, गोळी, सगळं त्याच्यावर केलं जातं; खंजिरी मात्र ते स्वतः वाजवतं, आणि त्याच्या वाजवण्यानं मोठं माणूस आपली लय बदलतं.

शिवाय वॉर्डात आलेली प्रत्येक वस्तू निरुपद्रवी असते हेही खरं नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या बालरुग्णालयात कर्करोगाच्या वॉर्डात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंची साथ पसरली, तेव्हा तिचा माग अंघोळीच्या खेळण्यांपर्यंत गेला. १९९८ मध्ये तो अहवाल छापून आला. पाणी आत राहणारं साधं रबरी खेळणं, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती उपचारांनी संपलेली, अशी मुलं. वाद्यांचंही तसंच आहे. तोंडानं फुंकायचं वाद्य दोन मुलांना देता येत नाही. कातड्याचा ढोल जंतुनाशकानं पुसता येत नाही; तबल्याची शाई ओल्या फडक्याला टिकत नाही, आणि ढोलकीची, डफाची तीच अडचण. रेमो बेली यांनी १९५७ मध्ये मायलर या प्लॅस्टिकची ढोलाची पानं बाजारात आणली ती बँडवाल्यांसाठी, पण रुग्णालयांना त्यांचा फार उपयोग झाला, कारण ती पुसून लगेच पुढच्या खाटेवर नेता येतात. म्हणून प्रेमानं आणलेलं घरचं जुनं वाद्य उपचारक परत करतात तेव्हा दात्यानं मनाला लावून घेऊ नये. काय चालेल याची यादी त्यांच्याकडून आधी मागून घ्यावी. गुळगुळीत, शिवण नसलेलं, सांधे बंद असलेलं, पुसता येणारं. किंवा इतकं स्वस्त, की मुलालाच देऊन टाकावं आणि ते त्याच्याबरोबर घरी जावं. हा दुसरा प्रकार मला अधिक आवडतो. रुग्णालयातून घरी नेण्यासारखी चांगली वस्तू मुलाजवळ क्वचितच असते.

माणूस आणि वस्तू यांचा मेळ कसा बसतो ते पाहायला न्यूयॉर्कला जावं लागतं. जॅझचा थोर वादक लुई आर्मस्ट्राँग १९६९ मध्ये तिथल्या बेथ इझ्राएल रुग्णालयात आजारी होता. खाटेवर पडल्या पडल्या त्यानं बालपणाच्या आठवणी लिहायला घेतल्या. न्यू ऑर्लिन्समधल्या कार्नोफ्स्की या गरीब ज्यू कुटुंबाच्या भंगाराच्या गाडीवर तो लहानपणी काम करी. त्यांनीच पगारातून उचल दिली आणि त्यानं पहिलं कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखं पितळी फुंकवाद्य, विकत घेतलं. त्या घरची आई तान्ह्या मुलाला निजवताना गाई ती अंगाईही त्याला साठ वर्षांनंतर आठवत होती. पण कॉर्नेट मिळाल्यानं आर्मस्ट्राँग घडला नाही. १९१३ च्या सुरुवातीला त्याला मुलांच्या सुधारगृहात पाठवलं गेलं, तिथं पीटर डेव्हिस नावाच्या शिक्षकानं त्याला बँडमध्ये घेतलं आणि रीतसर शिकवलं. ते वाद्य आणि तो शिक्षक, दोन्ही त्याच्या वाट्याला आले. १९६९ मध्येच त्यानं आणि त्याची पत्नी ल्यूसिल हिनं स्वतःच्या पैशांतून शैक्षणिक प्रतिष्ठान स्थापन केलं. तो १९७१ मध्ये वारला. पुढं १९९४ मध्ये याच प्रतिष्ठानच्या मदतीनं बेथ इझ्राएलमध्ये संगीतोपचाराचा विभाग सुरू झाला. या निधीतून उपचारकांच्या जागा झाल्या, प्रशिक्षण झालं, संशोधन झालं. विभागप्रमुख जोअन लोवी यांच्या गटानं ११ रुग्णालयांतल्या, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या २७२ बाळांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दोनच वाद्यं होती. एक, गर्भातल्या आवाजासारखा खळखळाट करणारी, आत मणी असलेली चपटी तबकडी. दुसरी, हृदयाच्या ठोक्यासारखा दुहेरी नाद देणारी लाकडी पेटी. त्यांना जोड आईबापांनी निवडलेल्या गाण्याची, अंगाईच्या चालीत बसवलेली. उपचारक बाळाच्या श्वासाकडं पाहत लय ठेवत. बाळांच्या हृदयाची गती उतरली, आईबापांवरचा ताण कमी झाला. ती दोन्ही वाद्यं कुणीही देणगीत देऊ शकेल इतकी साधी आहेत. त्या अभ्यासात बाळाच्या श्वासाशी लय जुळवणं मात्र वर्षानुवर्षं शिकलेल्या माणसाचं काम होतं.

इथं पुराव्याबद्दल सावध असायला हवं. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा बाळांच्या हृदयगतीवर संगीताचा चांगला परिणाम दिसला, पण रक्तातल्या प्राणवायूच्या पातळीवर दिसला नाही. संगीतानं रोग बरा होतो असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे, आणि त्या खोट्यावर मागितलेली देणगी पुढं या कामाचंच नुकसान करते. जे दिसतं ते एवढंच: भीती, ताण, एकटेपणा यांवर उतार पडतो. आजारी मुलाच्या बाबतीत हे थोडं नाही. मग दुसरा आक्षेप येतो, आणि तो आपल्याकडं जास्त टोकदार आहे. सरकारी रुग्णालयात एकेका खाटेवर दोन मुलं असताना संगीतोपचारकाचा पगार ही चैन नव्हे काय? खाट आधी, यात वादच नाही. पण हाच तर्क एकेकाळी खेळण्यांबद्दल, शिकवण्याबद्दल आणि आईला वॉर्डात राहू देण्याबद्दलही केला गेला होता. आज आईला बाहेर ठेवा असं कोणताही बालरोगतज्ज्ञ म्हणणार नाही. आणि उपचारक खाटेच्या पैशांतून नेमावा असं इथं कुणी म्हणतही नाही. संगीतासाठी जी माया आणि जे पैसे आधीच वाद्यांच्या रूपानं येत आहेत, त्यांचाच एक हिस्सा माणसाकडं वळवावा, इतकं मागणं आहे.

लहान दाता पगार कसा देणार, असं विचारलं जातं. इंग्लंडात नॉर्डॉफ आणि रॉबिन्स यांच्या नावाच्या संगीतोपचार संस्थेसाठी १९७६ पासून 'सिल्व्हर क्लेफ' नावाचा वार्षिक समारंभ होतो. संगीताच्या धंद्यातली मंडळी एकत्र येऊन पैसा उभा करतात आणि त्यातून उपचारकांचं काम चालतं. तिथं कुणी एकटा पगार देत नाही. मुंबईत परळला १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय उभं राहिलं तेही खासगी दानातूनच, आणि मुंबई-पुण्याच्या जुन्या इस्पितळांच्या भिंतींवर दात्यांच्या संगमरवरी पाट्या आजही वाचता येतात. दान करायचं कसं हे आपल्याला नव्यानं शिकायचं नाही. फक्त पाटी कशावर लावायची, हे ठरवायचं आहे. दहा कुटुंबांनी मिळून एका वॉर्डाला आठवड्यातला एक दिवस द्यावा: उपचारकाचं त्या दिवसाचं मानधन, तुटलेल्या तारा, ढोलाची बदलायची पानं, पुसायचं जंतुनाशक, आणि त्या दिवशी घरी जाणाऱ्या मुलांच्या हाती द्यायचे खुळखुळे. आजोबांच्या नावानं मंगळवार, आजीच्या नावानं शुक्रवार. वर्षाअखेरीला रुग्णालयानं हिशेब द्यावा, त्यात किती वाद्यं आली हे खाली, आणि किती मुलांबरोबर किती तास वाजवलं हे वर लिहिलेलं असावं.